पाच पंप

सहदेवच्या झेंडूवर तणनाशक पडलं ते माह्याच कोठ्यातल्या पंपानं पडलं. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मंग कोणी म्हणू नये का देवमन गोष्ट फिरवून सांगते. अडतीस वर्षं मी लाइनमन होतो. खांबावर चढलेल्या माणसाले खालचा जोडीदार 'लाइन बंद हाय' म्हणते, त्याच्याच भरवशावर तारेले हात लावा लागते. म्हून लाइनमन खोटं बोलत नाही, असं मी गावात सांगत आलो. लोकबी मानत आले.

आमचं गाव बार्शीटाकळीपासून नऊ किलोमीटर. नाल्याच्या कडेले माहं दोन एकर वावर, त्यात तूर अन् कापसाची पराटी. त्याले लागूनच सहदेवचं. मधात फक्त धुरा, गुडघाभर उंच मातीचा. सहदेव माळ्याचा, फुलं अन् भाजीपाला करते. माणूस कष्टाचा, तोंडाचा कडक. अर्धा एकर झेंडू त्यानं दसऱ्याच्या अंदाजानं लावला होता, खाली ठिबकच्या नळ्या टाकून. काय झेंडू होता! पाहणाऱ्याची नजर लागावी असा.

गणपतीत फुलायचा पहिला तोडा झाला. वच्छलाबाईच्या टोळीत चौदा बाया होत्या, त्यात बौद्ध वस्तीतली एकटी माया, माही सून. माहा पोरगा सुगत अकोल्याले डाळमिलवर असते, पंधरा दिवसाले घरी येते. त्या दिवशी रविवार होता म्हून पायलबी आईच्या संग तोड्याले गेली होती. पायल माही नात. सोळा वर्षाची, अकरावीत.

दुपारी सहदेवची बायको माणिकबाई, तिचा मोबाईल सापडेना. बाया थांबवल्या, ओळीनं उभ्या केल्या. अन् माणिकबाई सरळ मायाजवळ आली. "ओटी सोड." मायानं कमरेची ओटी सोडली, सारी फुलं मातीत पडली. "साडी झटक." मायानं साडी झटकली. "मागून झटक." मागूनबी झटकली. तेरा बाया पाहून राहिल्या होत्या अन् पायल पाहून राहिली होती. पाऊण तासानं मोबाईल क्रेटच्या खाली भेटला. माणिकबाईनंच ठेवला होता. "भेटला वं बाई," म्हणे, अन् तोडा पुन्हा सुरू. बास. मायानं मातीतली फुलं येचून परत ओटीत भरली.

संध्याकाळी हे मले पायलनं सांगतलं. मायानं नाही सांगतलं, ते चुलीजवळ बसून भाकरी थापत होती. माहं डोस्कं फिरलं. अंगणात उभा राहून मी अख्ख्या वस्तीले ऐकू जाईल असा बोललो. "माह्या सुनेची झडती घेते? आमच्यात कोणी मर्द असता त त्या माळ्याचं वावर उभं जाळलं असतं!" माया आतून म्हणे, "मामाजी, राहू द्या ना." पायल उंबऱ्यावर बसून मले एकटक पाहून राहिली होती. मले वाटलं पोट्टी रडन. रडली नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी वावरात होतो. रानडुकरं तुरीत घुसतात म्हून त्या महिन्यात मचाणावरच झोपत होतो. तांबडं फुटलं होतं, नाल्यावर धुकं होतं. पायल सायकलनं आली. वावरातला अवजारायचा कोठा उघडला, पंप काढला. सोळा लिटरचा, पाठीवरचा, बॅटरीचा. ड्रमातलं पाणी भरलं, तणनाशक टाकलं, तोंडाले ओढणी बांधली अन् धुरा ओलांडून सहदेवच्या वावरात गेली. पाच पंप मारले तिनं. मी मचाणावरून पाह्यलं. हाक मारली नाही, उतरलो नाही. अन् खरं सांगतो, मले बरं वाटलं. सुनेची साडी झटकणारीची फुलं आता मरतीन, हे पाहून पोटात थंड वाटलं. आजोबा होतो मी तिचा. मले बरं वाटलं.

तणनाशक लगेच काही दाखवत नाही. चौथ्या दिवशी शेंडे पिवळे पडले. आठव्या दिवशी अर्धा एकर उभा करपला, कळ्यायनं झाडावरच माना टाकल्या. सहदेव धुऱ्यावर उकिडवा बसून होता. एका हातात एक रोपटं धरून ते उलटंपालटं करून पाहे. मी माह्या तुरीत निंदण करत होतो, मान वर करत नव्हतो.

"देवमनभाऊ," तो म्हणे, "तुमी त मचाणावर असता. कोणी दिसलं काय?"

"डोळा लागला होता, सहदेवभाऊ," मी म्हणलं.

त्यानं मान हलवली. त्याचा माह्यावर इस्वास होता. त्याच्या वावरातली विजेची डीपी जळली तवा भर पावसात मीच चढलो होतो, अन् तो खाली बॅटरी धरून उभा होता.

सहदेवनं तक्रार देल्ली, मायावर संशय सांगतला. जमादार अन् एक पोलीस बाई आमच्या अंगणात आले. शेजारपाजारचे दारात जमले. जमादारानं मायाले म्हणलं, "चाला ठाण्यात." मायानं हात पुसले, माह्याकडे पाह्यलं. मी काय बोलाचं ते शोधून राह्यलो होतो, तवर पायल घरातून बाहेर आली.

"आईनं नाही केलं. मी केलं."

"एकटीनं?"

"एकटीनं."

"पंप कोणाचा?"

"आबाचा. आबाले माहीत नव्हतं."

मोठ्यानं, स्पष्ट बोलली. माह्याकडे पाह्यलंबी नाही. तिथी तिले अन् मले दोघायलेच माहीत होतं का हे खोटं हाय. अन् मी, अडतीस वर्षांचा लाइनमन, बाजेवर बसून राह्यलो.

त्या दिवसापासून माह्या तोंडाची चव गेली. पायल घरात काम करे, पाणी भरे, अभ्यासाले बसे; माह्यासोबत कामापुरतंच बोले. "आबा, जेवाले या." "आबा, गोळी घेतली काय?" प्रत्येक येळा मले वाटे, आता हे सांगते. आता मायाले सांगते.

गावात बोलणं फिरलंच. वस्तीतल्या एकाबी बाईले त्या हंगामात कोणी सोयाबीन सोंगाले बोलावलं नाही. वच्छलाबाई रस्त्यानं जाताना आमच्या दाराकडे पाहे अन् पाय उचले. वस्तीतले लोक मायाले म्हणत, तूबी केस टाक, झडतीची. माया म्हणे, "टाकीन. आधी माह्या पोरीचं होऊ द्या."

पायल लहान म्हून तिचं प्रकरण अकोल्याले बाल न्याय मंडळात गेलं. मी, माया अन् पायल एसटीनं गेलो. कोर्टासारखा पिंजरा नव्हता. साधं टेबल, तीन जण समोर बसलेले. मधल्या बाईनं पायलले विचारलं, "केल्याचं वाईट वाटतं?"

पायल म्हणे, "झेंडूचं वाटते. तो कोणाच्याच भांडणात नव्हता."

"आणि सहदेवरावांचं?"

"नाही वाटत."

मायानं डोळे मिटले. बाईनं काही लिहून घेतलं अन् कोजागिरीनंतरची, सोमवारची तारीख देल्ली. तवर चौकशी करून अहवाल द्यायले एक परिविक्षा अधिकारी मॅडम नेमल्या.

त्या मॅडम आठ दिवसानं घरी आल्या. चहा घेतला, पायलच्या वह्या पाह्यल्या, मायाले बाजूले घेऊन बोलल्या. म्हणाल्या, "मुलीला समज देऊन घरी ठेवता येईल, नाहीतर काही महिने सुधारगृहातही पाठवू शकतात. तिला काय कळलंय आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांचं म्हणणं काय, यावर बरंच अवलंबून आहे." निघताना मॅडमची नजर ओसरीतल्या पंपाकडे गेली. पोलिसायनं पंचनामा करून परत देल्ला होता तो. त्यायनं रिकामाच उचलून पाह्यला.

"भरल्यावर किती वजन होतं हो आजोबा?"

"वीसेक किलो."

"हं," म्हणाल्या अन् चपला घातल्या. तो 'हं' माह्या कानात दोन दिवस वाजत होता.

आमच्या विहारात त्या साली वर्षावासाले एक भंतेजी होते, परतवाड्याकडचे, तिशीतले. पावसाळ्याचे तीन महिने एकाच गावी राहायचं, रोज संध्याकाळी वाचन, प्रवचन. मायानं त्यायच्याजवळ पोरीची गोष्ट काढली. दुसऱ्या दिवशी वाचन झाल्यावर भंतेजीनं सारे बसवून ठेवले.

"आमच्या संघात एक जुनी रीत आहे," ते म्हणाले. "एखाद्या भिक्खूनं गावातल्या माणसाचं नुकसान केलं, त्याला टाकून बोलला, तर संघ त्याला सांगतो, त्याच माणसाकडे जा आणि क्षमा माग. पण एकट्याला पाठवत नाही. सोबत एक जण देतो. वाटेत धीर सुटला, दारात शब्द सुचले नाहीत, तर सोबतच्यानं बोलायचं. मला वाटतं पायलनं तसं जावं."

विहार कमिटीचे अध्यक्ष भगवंतराव उठलेच. "भंतेजी, माफ करा. छप्पन साली आमच्या बापायनं गावकीची कामं सोडली ते कोणाच्या दारात वाकून उभं राहाचं नाही म्हून. अन् आता आमच्या पोरीले माळ्याच्या दारात उभी कराची?"

"बराबर हाय!" मी सगळ्यायपेक्षा मोठ्यानं ओरडलो. काहून ओरडलो ते माहं मले माहीत.

"वाकायला कोण सांगतं?" भंतेजी म्हणाले. "पाया पडायचं नाही. सरळ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यात बघायचं आणि आपण केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. ज्याला कोणी वाकवू शकत नाही, त्यालाच हे जमतं."

मागून माया बोलली. विहारात ते कधी बोलत नव्हती. "अन् माह्या साडीचं काय, भंतेजी?"

"तेही तिथंच बोलायचं. पण पायलचं सांगून झाल्यावर. आधी नाही."

भंतेजीनं पायलले विचारलं, जाशील का. पायल म्हणे, जाईन. सोबत कोण पाहिजे? सगळे मायाकडे पाहून राह्यले. मायानं उठाले हातबी टेकला.

"आबा येतीन," पायल म्हणे.

लोकायले कौतुक वाटलं. भगवंतराव म्हणे, घ्या, नातीचा भरवसा आज्यावर! पोट्टी माह्याकडे पाहून राह्यली होती, उंबऱ्यावर बसून पाह्यलं होतं तशीच.

अश्विन पौर्णिमेले वर्षावास संपला. त्या दिवशी पवारणा असते. भंतेजी उपासकायच्या समोर हात जोडून बसले अन् म्हणाले, "या तीन महिन्यांत माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसती शंका आली असेल, तरी मला सांगा. मी सुधारीन."

आता भंतेजीले कोण काय सांगन? तवा म्हातारी सत्यभामाबाई म्हणे, "भंतेजी, तुमी मोबाईल लय पाहता. मी खीर घेऊन आली त दोन डाव हाक मारा लागली."

बाया पदर तोंडाले लावून हासाले लागल्या. भंतेजीबी हासले. "बरोबर आहे, आजी. कमी करतो."

एवढं सोपं होतं. सांगतलं, ऐकलं, झालं. माह्या जिभेवर सारं आलं होतं. बाजूले माया बसली होती, पुढं पायल. मी दोन डाव खाकरलो. भगवंतरावानं पाण्याचा गिलास पुढं केला. मी पाणी पेलो अन् गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी सहदेवच्या घरी गेलो. पायल पुढं, मी तिच्या बाजूले, माया दोन पावलं मागं. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच डोक्यात चढत होतं. सहदेव अंगणात वांग्याची पोती शिवून राह्यला होता, माणिकबाई शेंगा निवडत होती. भंतेजीनं आधी निरोप देल्ला होता, म्हून दोघायलेबी माहीत होतं. बसा कोणी म्हणलं नाही.

पायलनं हात बांधले नाही, मान खाली घातली नाही. "काका, तुमचा झेंडू मी मारला. पंपानं तणनाशक मारलं. आईची झडती घेतली त्याचा राग होता. पण झेंडूनं काही केलं नव्हतं, अन् तुमी त त्या टायमाले वावरात नव्हतेच. माहं चुकलं. मले माफ करा."

सहदेवनं दाभण पोत्यात तसंच रुतवून ठेवलं. "दसऱ्याले लोक माह्या दारात आले, फुलं द्या म्हणाले," तो म्हणे. आवाज घोगरा झाला होता. "मी बार्शीटाकळीच्या बाजारातून हार आणला. माह्या घरच्या देवाले इकतचा हार. बाप असता त त्यानं मले चपलीनं मारलं असतं."

पायलच्या डोळ्यात पाणी आलं. मंडळात आलं नव्हतं, ते इथी आलं.

"एकटीनं केलं तू?" त्यानं इचारलं.

"एकटीनं."

'सोबतच्यानं बोलायचं,' भंतेजी म्हणाले होते. मी तोंड उघडलं. "सहदेवभाऊ, माहा डोळा लागला नव्हता. मी मचाणावर जागा होतो. पाह्यलं. हाक मारली असती त तुमचा झेंडू वाचला असता."

माया मागून "मामाजी!" म्हणे. सहदेव उठला. वाटलं मारते.

"पोट्टीचं मी मनातून काढलं," तो म्हणे. "तिनं वावर साफ करून द्यावं. ट्रॅक्टर घालता येत नाही, खाली नळ्या हायत. झाडं हातानं उपटा लागतीन. येत्या सोमवारी मंडळात येऊन मी सांगतो, माही तक्रार राह्यली नाही म्हून. पण तुमी? मी तुमाले इचारलं होतं, भाऊ. तोंडावर इचारलं होतं. तुमी धुऱ्याच्या अलीकडे पाय ठेवू नका."

माया तवा पुढं आली. "वैनी, माही साडी तुमी काहून झटकली?"

माणिकबाई शेंगातून मान वर करेना. "मोबाईल हरपला होता वं. कोणाचीबी झटकली असती."

"चौदा बाया होत्या. एकीचीच झटकली."

माणिकबाई सूप घेऊन उठली अन् घरात गेली. आमी परत आलो. संध्याकाळी भंतेजी भेटले. "सगळं सांगितलं?" त्यायनं इचारलं. मी म्हणलं, "हो." तरी जेवण उतरेना.

दुसऱ्या दिवसापासून माया अन् पायल झाडं उपटाले जाऊ लागल्या. वाळलेला झेंडू दिसाले मेलेला, पण मुळं मातीत घट्ट. जमीन उन्हानं दगड झाली होती. पायलच्या तळहाताले पहिल्याच दिवशी फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. मायानं फडकं बांधून देल्लं. मी धुऱ्याच्या पलीकडे, माह्याच तुरीत, विळा घेऊन बसत होतो. काम काही नव्हतं. नुसता पाहत होतो. रस्त्यानं जाणारे येणारे इचारत, "काय देवमनभाऊ, देखरेख चालू हाय काय?" अन् हासत पुढं जात. मी मान हलवत होतो.

तिसऱ्या दिवशी वच्छलाबाईची टोळी पल्याडच्या वावरात पराटी येचत होती. माणिकबाई पाण्याची कळशी घेऊन आली, मायाजवळ उभी राह्यली अन् टोळीले ऐकू जाईल असं म्हणे, "त्या दिवशी मी हिचीच ओटी पाह्यली, ते बराबर नव्हतं. मले कोणीतरी म्हणलं होतं म्हून..."

"कोण म्हणलं होतं?" मायानं इचारलं.

माणिकबाई कळशी ठेवून निघून गेली. माया ते पाणी पेली नाही. पायलनं पेलं.

पाचव्या दिवशी, शनिवारी, पाऊण वावर मोकळं झालं होतं. सहदेव आला अन् माह्या समोर धुऱ्यावर बसला. तंबाखू मळली. मले देल्ली नाही.

"भाऊ, एक गोष्ट मले कळून नाही राह्यली," तो म्हणे. "पोट्टी असन चाळीस किलोची. भरलेला पंप जमिनीवरून पाठीवर घ्यायचा म्हणजे मले दुसरा माणूस लागते. हिनं पाच येळा कसा घेतला?"

दहा पावलांवर पायल उपटून राह्यली होती. तिचा हात थांबला. "काका, ड्रमावर ठेवून घेतला मी," ते म्हणे, अन् पुन्हा खाली वाकली. फडक्यातून रक्त आलं होतं.

माह्यानं राहवलं नाही. सोळा वर्षाची पोट्टी. पोलिसासमोर, मंडळासमोर, सहदेवच्या दारात, अन् आता इथी. अजूनबी मले झाकूनच राह्यली होती.

"खोटं बोलते ते," मी म्हणलं.

तुमालेबी मघाशी मी खोटंच सांगतलं. मचाणावरून पाह्यलं, उतरलो नाही, असं म्हणलं. उतरलो होतो.

"पहिला पंप तिनं ड्रमावर ठेवून घ्याले पाह्यला," मी सहदेवले सांगतलं. "पट्टा सुटला. अर्धं पाणी तिच्या पाठीवर सांडलं. ते रडाले लागली, राहू दे म्हणे आबा, मी जाते घरी. सायकलचा स्टँडबी काढला होता तिनं. मी मचाणावरून उतरलो. पंप मी भरला. तणनाशक मी मोजलं. उचलून तिच्या पाठीवर मी देल्ला अन् पट्टे आवळले. पाच येळा."

सहदेवचा तंबाखूचा हात तसाच राह्यला. "अन् तिले काय म्हणलं?"

"ओळ सोडू नको म्हणलं."

पायल वावरात मटकन खाली बसली. इतक्या दिवसात पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडाले लागली, लहान लेकरावाणी, नाकातोंडातून. माया तिच्याजवळ नाही गेली. हातात उपटलेली दोन झाडं होती, तशीच घेऊन ते धुऱ्याकडे आली. अठरा वर्षांत त्या बाईनं माह्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देल्ला नव्हता. आता पदर खांद्यावर होता. तिनं ते झाडं माह्या अंगावर फेकली. माती डोळ्यात गेली.

"घरी जाते म्हणत होती ना हो पोट्टी!" ते म्हणे. "घरी येत होती ना माही लेक!"

मी काय सांगू? तुह्यासाठीच केलं म्हणू? तिच्यासाठी नव्हतंच केलं. माह्या रागासाठी केलं, अन् हात लेकराचे वापरले. सहदेवच्या दारात मी जोडले नव्हते ते हात धुऱ्यावर उभा राहून सुनेसमोर जोडले. सहदेव तिथीच बसून होता, पल्याड वच्छलाबाईच्या टोळीतल्या बाया कामं थांबवून पाहून राह्यल्या होत्या. पाहू द्या म्हणलं.

मायानं पदर कमरेले खोचला.

"हात नका जोडू, मामाजी," ते म्हणे. "परवा तारीख हाय. तिथी माह्या पोरीच्या आधी तुमी उभे राहा."

"पोलीस नेतीन मले, माया."

"नेतीन."

"बरं," मी म्हणलं. "राहतो उभा."

ते पायलकडे गेली. मी धुऱ्यावर बसलो.